रॉकेलनं पुसलेल्या वायरी

त्या कामात मला काय मिळणार होतं, ते आधी सांगून टाकतो: प्लगच्या पाच वायरी. चार प्लगांच्या चार, कॉइलची एक. काळ्या, सिलिकॉनच्या, एवेलिओकाकांच्या पुतण्यानं काकांच्या गाडीसाठी मॉस्कोहून बॅगेत मोज्यांच्या गठ्ठ्याखाली दडवून क्यूबात, आमच्या कायबारिएनला आणलेल्या. त्या मिळाल्या की सात महिने विटांवर बसलेली माझी लाडा रस्त्यावर येणार होती, बायको तिच्या बहिणीकडे जाऊ शकणार होती, आणि 'स्वतःची गाडी बंद असलेला मेकॅनिक' हे सासऱ्यांचं लाडकं पालुपद थांबणार होतं.

आणि काकांचं काय जाणार होतं? माझ्या हिशेबानं काहीच नाही. माणूस एक्याऐंशीचा. गाडी नेणार बेकरीपर्यंत, दवाखान्यापर्यंत, आणि रविवारी दफनभूमीत बायकोला फुलं घेऊन. एवढ्या फेऱ्यांना जुन्या वायरी पुरे होत्या. म्हणून मी त्याच पुन्हा बसवल्या. बसवण्याआधी रॉकेलच्या फडक्यानं पुसल्या.

हे पुसणं आमच्या गावचं जुनं. रबराची कुठलीही वस्तू नवी दाखवायची झाली की रॉकेल फिरवतात. ती अशी चकाकते, जणू आत्ताच खोक्यातून निघाली. पुढं आठवडाभरात रबर फुगतं, मऊ पडतं, मग त्याला चिरा जातात. हे मला ठाऊक नव्हतं असं कोण म्हणेल? गिऱ्हाइकांना मीच ओरडून सांगतो.

"झाल्या का रे बासिलिओ, नव्या बसवून?" काकांनी मोतीबिंदूचे डोळे बारीक करून बॉनेटखाली पाहिलं.

"झाल्या, काका. आता दहा वर्षं बघायला नको."

"दहा वर्षं मी कशाला असतोय! पण गाडी असेल." नव्या वायरींचा रिकामा खोका त्यांनी डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवला, एखादं प्रशस्तिपत्र ठेवावं तसा.

ती गाडी म्हणजे खरंच प्रशस्तिपत्र होतं. काका कारखान्यात साखर शिजवायचे. पंच्याऐंशी साली कामगारांच्या सभेत त्यांच्या नावावर दोनशे चौदा हात वर झाले, तेव्हा कुठं त्यांना लाडा विकत घ्यायचा हक्क मिळाला. कारखाना मोडीत निघाला, हात वर करणारे बरेचसे दफनभूमीत गेले. गाडी तेवढी राहिली.

प्लगची वायर एका दिवसात मरत नाही. इंजिनाच्या उष्णतेनं ती वाळते, तेल लागून फुगते. तिच्यातून हजारो व्होल्ट धावतात, तेव्हा भोवतालच्या हवेचा ओझोन होतो, तो रबराला बाहेरून कुरतडतो. वर आमचा खारा वारा. शिवाय लोक प्लग काढताना रबरी टोपी धरायची सोडून वायरच हिसकतात, त्यानं आतला कार्बनचा दोरा तुटतो. मग ठिणगी प्लगपर्यंत जायचा कंटाळा करते. हवा दमट असली की चिरेतून उडी मारून जवळच्या लोखंडात जाते. दुपारच्या कोरड्या उन्हात तीच गाडी शहाण्यासारखी चालते. म्हणून हा आजार पटकन सापडत नाही आणि शोधणाऱ्याला वेडं ठरवतो.

जानेवारीत उत्तरेचा वारा सुटला, समुद्राचं पाणी रस्त्यावर उडायला लागलं, आणि काकांची गाडी मिसिंग मारू लागली. बदामाच्या झाडाखाली डॉमिनो खेळणाऱ्यांना आयता विषय मिळाला.

"एवेलिओ, गाडीला उचकी लागलीय रे! कोण आठवण काढतंय?"

"उचकी कसली! ती मालकावर गेलीय. काठीसकट तीनच पायांवर चालते."

काका हसले आणि गाडी माझ्याकडे घेऊन आले. ते गेल्यावर मी भरदुपारी शटर ओढलं, अंधार केला, इंजिन चालू करून वायरींवर पाणी फवारलं. निळ्या ठिणग्या मुंग्यांसारख्या वायरींवरून धावल्या. चारातल्या तीन वायरी गळत होत्या.

नव्या वायरी तिथंच, दहा पावलांवर, माझ्या गाडीत होत्या. मी काय केलं? जुन्या वाळवल्या आणि पुन्हा रॉकेलनं पुसल्या.

पुढच्याच आठवड्यात दवाखान्याच्या चढावर गाडी बंद पडली, मागं घरंगळली आणि एका सायकलरिक्षाचं चाक वाकडं करून थांबली. कुणाला लागलं नाही. पण शेजारी काकांची मुलगी मिर्ता बसली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी ती बापाला घेऊन माझ्याकडे आली.

"पापा, तू क्लच लवकर सोडतोस. किती वेळा सांगितलं?"

"छत्तीस वर्षं सोडतोय. आत्ताच कसा लवकर सुटायला लागला?"

"आत्ताच तू एक्याऐंशीचा झालास म्हणून!"

काका माझ्याकडे वळले. "बासिलिओ, तू सांग. खरं सांग हं, मला बरं वाटावं म्हणून नको. गाडीत दोष आहे की माझ्यात? तुझं मी मानीन. हीसुद्धा मानेल."

बाहेर कडक ऊन होतं. मी किल्ली फिरवली. गाडी घड्याळासारखी चालली.

"गाडी ठीक आहे," मी म्हणालो.

तीन शब्द. ते बोलताना मी एक पाना पुसत होतो, तो आधीच स्वच्छ होता.

काकांनी गाडीला लावलेला किल्ल्यांचा जुडगा काढला आणि मिर्ताच्या हातावर ठेवला. "मग ठीक," म्हणाले.

मिर्तानं गाडी विकायला काढली. गिऱ्हाईक शेजारच्या रेमेदिओस गावचं ठरलं, शनिवारी सकाळी गाडी न्यायला येणार होतं. शुक्रवार उजाडला. शेवटी एक युक्ती सुचली. तोंड उघडायचं धैर्य नसलं की युक्त्या बऱ्या सुचतात. मिर्ताला म्हटलं, द्यायच्या आधी गाडी एकदा बघून देतो. माझ्या गाडीतल्या नव्या पाचही वायरी काढल्या आणि काकांच्या गाडीत बसवल्या. सकाळी काका शेवटची एक फेरी मारतील, गाडी सुधारल्याचं त्यांना हातालाच कळेल, किल्ली ते परत खिशात घालतील. मला काही कबूल करावं लागणार नाही.

शनिवारी वारा उत्तरेचाच होता. भिंती घामेजल्या होत्या, समुद्राचे तुषार ओसरीपर्यंत येत होते. काका ओसरीवर झुलत्या खुर्चीत बसले होते.

"एक फेरी मारा ना, काका. शेवटची."

"नको रे. उगाच कुणाला तरी धडकेन."

"मी बसतो ना शेजारी. कोपऱ्यापर्यंत."

"नको म्हटलं ना."

मग रेमेदिओसचा माणूस बसला. पहिल्याच फटक्यात इंजिन लागलं. एवढ्या ओल्या हवेत ना धक्का, ना उचकी. काकांनी खुर्ची थांबवली, मान कलती केली आणि गुडघ्यावर बोटं मोजू लागले. एक, दोन, तीन, चार. पुन्हा एक, दोन, तीन, चार.

"चारही चालतायत," ते म्हणाले. मग गुडघ्यावरची बोटं मिटली. "म्हणजे मीच होतो."

मिर्तानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "जाऊ दे, पापा."

तेव्हा मला बोलता आलं असतं. गाडी अजून फाटकातच होती. मी पुढं झालो, आणि गिऱ्हाइकाला रस्ता मोकळा आहे म्हणून हात केला.

आता हिशेब असा. रेमेदिओसच्या माणसाला चांगली गाडी मिळाली, आणि कप्प्यात खोकाही, ज्यावर लिहिलेलं अखेर खरं ठरलं. मिर्ताला झोप मिळाली. माझी लाडा परत विटांवर बसली आणि सासऱ्यांचं पालुपद सुरू झालं. ते मी बरेच दिवस माझी भरपाई म्हणून धरत होतो. पण त्यातून काकांना काय पोचलं? ते बेकरीला चालत जातात. रस्ता ओलांडताना दोनदा थांबतात, स्वतःवर भरवसा नसल्यासारखे. आणि बायकोला फुलं महिन्यातून एकदा पोचतात, मिर्ताला सवड असली तर.