कन्हानकाठचा डफ

मी एक जुना डफ आहे, मित्रांनो. म्हणजे आता नुसतं लाकडाचं कडंच उरलो आहे. फार वाजलो, फार थकलो.

इंग्रजांच्या राज्यात नागपुरातल्या एका विणकर वस्तीत माझ्यावर बकऱ्याचं कातडं चढलं. वस्तीतली काही घरं ख्रिस्ती झालेली. माझे धनी बाबनराव त्यांचे उपदेशक. दिवसा माग चालवत, संध्याकाळी मला वाजवत. गारठ्यात माझं कातडं सैल पडे. तेव्हा ते मला गवताच्या जाळावर बाळासारखं शेकत. मग बायबलातल्या मोशेची गोष्ट गात : गुलामीतून सुटलेले लोक, त्यांच्या पुढे चालणारा मोशे, रखरखीत रान, आणि वाट दाखवणारा देव.

लोक म्हणत, "बाबनराव, तुम्हीच आमचे मोशे."

ते हसत. "मी कायचा मोशे गा! माह्या घरची बायको तं मले जुमानत नाही."

पीक निघालं की सारी मंडळी कन्हान नदी उतरून पलीकडच्या गावी देवाचे उपकार मानायच्या प्रार्थनेला जाई. पुढे बाबनराव. माझा आवाज निघाल्याशिवाय कोणी पाण्यात पाय घालत नसे.

एका पावसाळ्यात बाबनराव गेले. जाताना मला पुतण्याच्या, कृष्णकांतच्या हाती देऊन म्हणाले, "आता मंडळीले तू ने." पण लोकांनी मला खुंटीला टांगलं, माळ घातली. हात कोणी लावेना. कातडं सुकलं, कसर लागली. वाजून थकलो होतोच. लटकून जास्त थकलो. मंडळीही विरत चालली. "बाबनराव नाहीत, आता कायले जायचं?" असं घरोघरी ऐकू येई.

तरी पीक निघाल्यावर उरलेले सगळे कन्हानकाठी आले. थंडी मी म्हणत होती. कृष्णकांतने मला खुंटीवरून काढून आणलं होतं. त्याने जाळ केला. हात थरथरत होते. मला फार जवळ धरलं. फट्! मी उभा फाटलो.

मंडळीतल्या गणपतरावांनी गाठोडं उचललं. "झालं! बाबनरावाच्या मागं डफही गेला. चला गा वापस. आता कायची मंडळी!"

लोक वळू लागले. ते वळले असते, तर पुन्हा एकत्र आले नसते.

तेवढ्यात बाबनरावांची विधवा अनुसया पुढे झाली. "काहो गणपतराव, मोशे मेला तवा देवबी मेला होता काय? त्याच्या मागं लोकायले नेणारा यहोशवा नवाच होता. देवानं त्याले मोशेचा हात नाही देला, आपली सोबत देली. अन् हा पोरगा थंडीनं नाही, तुमचं तोंड पाहून कापून राहिला!"

कृष्णकांतने मला वाळूवर ठेवलं आणि रित्या हाताने गात पाण्यात उतरला.

"मोशे राहिला डोंगरावरी,
वाट चालली पुढं गा;
ज्यानं आणलं इथवरी
तोच नेईल तिकडं गा..."

दुसऱ्याच ओळीला आवाज फाटला. अनुसयेने लुगडं खोचलं आणि टाळ्या वाजवत मागोमाग उतरली. मग बाया, मग पोरं. शेवटी गणपतराव, "पाणी आहे का बरफ वं!" म्हणत.

मी वाळूवर पडून पाहत राहिलो. मोशेनेही देवाने कबूल केलेला वचनाचा देश असाच लांबून, डोंगरावरून पाहिला, आणि तिथेच देह ठेवला. त्याला वाईट वाटलं असेल का? मला तर, मित्रांनो, खूप दिवसांनी हलकं वाटलं.

एवढंच मागणं आहे. वाद्याला माळ घालून टांगू नका. वाजवा, जपून शेका. आणि पुढे चालणाऱ्याचा हात नवा असेल, थरथरत असेल, तर काठावर उभे राहू नका. त्याच्यामागे पाण्यात उतरा.