करंट खाणारी धूळ

श्रावणचं बूड खुर्चीवर काई टिकून नव्हतं राह्यलं. गडचिरोलीच्या विद्यापीठातला हॉल, समोर त्याची पोरगी करिष्मा, अन् तिची पीएचडीची शेवटची तोंडी परीक्षा. उघडी परीक्षा म्हणे. कोणीबी या, बसा, आयका. पोरगी कालच घरून पुढं आली होती; हा बुवा चंद्रपूरहून आज पहिल्या बसनं आला, इस्त्रीचा शर्ट घालून, अन् तासभरापासून नुसता पाय हालवून राह्यला.

पोरगी इंग्रजीत सुसाट. पडद्यावर वाकड्यातिकड्या रेघा. नागपूरचे परीक्षक मधातच एखादा प्रश्न टाकत. काय विचारलं, काय सांगतलं, श्रावणले ढेकळं समजे नाई.

शेवटी तिच्या गाईड स्वाती मॅडम म्हणाल्या, "करिष्मा, वडील आलेत. दोन शब्द मराठीत सांग."

करिष्मा लाजली. "ताऱ्याइच्या मधात हवा नाई बाबा, पण करंट भरलेला वायू आहे. त्यात बारीक धूळ. अन् चुंबकासारखी ओढ. एखादा तारा फुटला का जोराचा धक्का निघते, लाटेसारखा त्या धुळीतून पळते, धुळीले दाबत जाते. धुळीच्या कणाकणावर करंट बसून राह्यते, ते धरून मी त्या लाटेचं गणित केलं."

श्रावणचा पाय थांबला. करंट बसलेली धूळ? अरे, हे तं त्याचं रोजचं काम! छब्बीस वर्षं झाली, पावर हाउसात धुरातली राख पकडाच्या मशीनवर आहे तो. राखेले करंट देला का ते पत्र्याले चिकटते, अन् वरून हातोडे पडले का खाली झडते.

"कोणाला काही विचारायचंय?" परीक्षक म्हणाले. रिवाज म्हणून विचारते, विचारत कोणी नाई.

श्रावणचा हात वर. करिष्मानं डोळे वटारले.

"साहेब, आमच्या मशीनीत राख दाटली का मीटरचा काटा खाली येते. राख करंट खाऊन टाकते. खाणारे जास्त झाले, तं एकेकाच्या वाट्याले कमीच येईन ना? मंग पोरी, तुया लाटेत धूळ दबून दाटली, तं कणावरचा करंट तेवढाच राह्यते काय?"

करिष्मानं वळून पडद्यावरच्या रेघाइले पाह्यलं.

"नाई," पोरगी हळूच म्हणे. "कमी होते. मी तेवढाच धरला. तसं गणित सोपं जाते."

परीक्षकानं पेन उघडला, अन् सगळ्याइले भाईर बसाले सांगतलं.

भाईर कुठचं बसणं! श्रावण व्हरांड्यात या टोकाहून त्या टोकाले. पोरीचं सोन्यासारखं काम, अन् बापानंच त्यात माती कालवली. काऊन बोललो मी? कोणी बोलावलं होतं मले?

दार उघडलं. करिष्माचं तोंड लाल.

"काय झालं माय?"

"पास केलं. पण प्रबंधात एक प्रकरण वाढवून आणाले सांगतलं. तुमच्या प्रश्नावर!" ते उसळली. "सहा वर्षं एका घरात राह्यलो बाबा, अन् तुमाले आजच विचाराचं सुचलं?"

"मंग तू मले मराठीत आजच सांगतलं ना!"

करिष्मा पायरीवर मटकन बसली. मंग पिशवीतून वही काढली.

"बसा इथी. किती राख आली का काटा किती पडते?"