भिंतीवरची भूमिका

पुंजाजीचं पत्र आलं तेव्हा जनकाबाई दादरच्या खोलीत नव्या नाटकाचं पाठांतर करत बसल्या होत्या. "मातोश्रींनी मोताळ्याच्या टुरिंग टॉकीजमध्ये तुझा शिनेमा पाहिला," असं भावानं लिहिलं होतं. "तेव्हापासून एकच वेळ जेवतात आणि सारखं तुझंच नाव घेतात. हे पत्र तार समजून निघून यावे."

जनकाबाईंनी पत्र तीनदा वाचलं. काळजी वाटायला हवी होती, आणि ती वाटलीही. पण खरं सांगायचं तर आधी आनंद झाला. बाई पडल्या नटी, त्याला इलाज नव्हता.

बावीस वर्षं रंगभूमीवर, तीसेक सिनेमे, आणि मुंबईत टीव्ही आल्यापासून गेली तीन वर्षं त्या पेटीतही. एवढ्या कारकिर्दीत त्यांच्या आईनं, रोहिणखेडच्या रुखमाबाईंनी, त्यांचं एकही काम पाहिलेलं नव्हतं. टीव्ही तर रोहिणखेडला दिसतच नव्हता; त्याच्या लहरी घाट चढता चढताच दमत असाव्यात. नाटक-सिनेमाची गोष्ट निराळी. पोरगी मास्तरणीचं शिकायला म्हणून अकोल्याला गेली आणि नाटक कंपनीबरोबर मुंबईला पोचली. रुखमाबाईंनी वर्षभरात लेकीला माफ केलं, पण लेकीच्या कामाला केलं नाही. दिवाळीला घरी आलं की पोटभर खाऊपिऊ घालायच्या, आणि नाटकाचा विषय निघाला की उठून म्हशीकडे जायच्या. जनकाबाईंना स्पर्धेत पदक मिळालं त्या दिवाळीत ती म्हैस दिवसातून चारदा धुतली गेली.

मलकापूरला उतरून एस.टी.त बसेपर्यंत जनकाबाईंनी ठरवूनही टाकलं, की आईनं पाहिलेला सिनेमा कोणता असणार. त्यात मुलांनी घराबाहेर काढलेली विधवा त्यांनी केली होती आणि देवळाच्या पायरीवर त्या अकरा मिनिटं मेल्या होत्या. एका टीकाकारानं 'बाई जरा लवकर आटपत्या तर बरं' असं लिहिलं होतं, पण त्याला काय कळतंय. माय जेवत नाही, म्हणजे काम काळजाला लागलं. "अगं माय, ते खरं नसतं, नाटक असतं," हे वाक्य त्यांनी बसमध्ये तयार केलं. आवाजात थोडा थकवा, थोडी नम्रता. दोनदा म्हणून पाहिलं, तसा शेजारचा मिरचीच्या पोत्यावाला माणूस उठून मागं जाऊन बसला.

रुखमाबाई ओट्यावरच होत्या. लेक दिसताच उठल्या, तिचे दंड चाचपले, गाल दाबून पाहिला, हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं. मग आतून मीठ-मोहऱ्या आणून दृष्ट काढली.

"जिती आहे," त्या पुंजाजीला म्हणाल्या. "आता वाढ मले."

जनकाबाई तयार केलेलं वाक्य विसरल्या. "माय, तू पाह्यलं तरी काय?"

"हा पुंजाजी म्हणे, देवाचा खेळ आहे. म्हणून गेली मी. तं तू भिंतीवर टांगलेली. हार घातलेला, उदबत्ती लावलेली."

जनकाबाईंना आठवायला वेळ लागला, कारण ते आठवू नये याची त्यांनी चांगली काळजी घेतली होती. दोन वर्षांपूर्वी एका निर्मात्यानं बोलावून घेतलं होतं. "तुमच्या चेहऱ्यावर करुणा आहे," म्हणाला. नायकाच्या आईचं काम होतं. बाई हुरळल्या, नऊवारी नेसून फोटो काढून दिला आणि शूटिंगच्या बोलावण्याची वाट बघत बसल्या. ते आलंच नाही. नायकाची आई सिनेमा सुरू व्हायच्या आधीच वारलेली होती. नायक मात्र त्या फोटोपुढे सतरा वेळा रडला.

बावीस वर्षांत आईनं पाहिलेलं एवढं एकच काम, आणि त्यात त्यांनी पापणीसुद्धा हलवली नव्हती.

"जित्या माणसाच्या फोटोले हार घालू देला तुनं?" रुखमाबाई म्हणाल्या. "अर्धं गाव बसायले येऊन गेलं. शेजारची गीताबाई म्हणे, कव्हा गेली, कळवलं नाही काऊन. मी म्हणलं, परवाच चिठ्ठी आली तिची. तं म्हणे, आधी टाकली असन."

एखादी शहाणी बाई इथं गप्प बसली असती. जनकाबाईंनी विचारलं, "पण माय, काम कसं वाटलं?"

रुखमाबाईंनी भाकरी मोडता मोडता विचार केला. "बाकीचे समदे खोटे वाटत होते," त्या म्हणाल्या. "तू खरी वाटली."

असं कुठल्या टीकाकारानं आजवर लिहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मोताळ्याचा बाजार होता. चार गावची माणसं तिथं येणार, तेव्हा लेक सगळ्यांना तिथंच दाखवायची, असं रुखमाबाईंनी ठरवलं आणि दिवेलागणीच्या खेळाला तिला तंबूत बायकांच्या बाजूला नेऊन बसवलं. फोटो पडद्यावर आला की त्या अंधारात लेकीचं मनगट चाचपायच्या. जनकाबाई त्यांच्या समाधानासाठी जरा मोठ्यानंच श्वास घेत होत्या.

मशीन एकच असल्यामुळे रीळ बदलताना दिवे लागायचे. ते लागताच रुखमाबाई उठल्या आणि लेकीला हाताला धरून पडद्यापुढं नेऊन उभं केलं.

"हे माही लेक," त्या तंबूला म्हणाल्या. "जिती आहे. भिंतीवर आहे थे तिचं काम आहे." मग लेकीकडे वळल्या. "बोल बाई काही. आयकू दे लोकाइले."

तंबूतली माणसं सरसावून बसली. आईनं स्वतःच्या हातानं त्यांना लोकांपुढं उभं केलं होतं आणि मान वर करून ती ऐकायला थांबली होती. जनकाबाईंना दुसरं काही नकोच होतं, बावीस वर्षं एवढंच हवं होतं. निदान चाळीस भूमिका त्यांना तोंडपाठ होत्या. त्यांनी तोंड उघडलं, आणि घशातून एक अक्षर बाहेर पडेना. डोळे भरून आले, ग्लिसरीनशिवाय.

"फोटोतच बरी दिसते," मागून कोणीतरी म्हणालं.

रुखमाबाईंनी आणखी थोडी वाट पाहिली. मग लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि सगळ्यांना मोठ्या मायेनं समजावून सांगितलं.

"लाजते हो थे. लहानपणापासून अशीच आहे. चार लोकात तोंड उघडत नाही. म्हणून तं तिले फोटोचं काम देलं."