सगळं विचारून

कर्करोगामुळे पिंप्राळ्याच्या वृषालीचा एक स्तन काढावा लागला होता. उपचार संपल्यावर डॉक्टर म्हणाले, "आता त्या जागी इम्प्लांट, म्हणजे सिलिकॉनची पिशवी, बसवू. साधं ऑपरेशन आहे." नवरा प्रशील लगेच तारीख विचारू लागला. वृषालीने त्याला थांबवलं. घरून निघताना सासू द्रौपदाबाई म्हणाल्या होत्या, "तुले जे कराना शे ते कर, पन बठ्ठं इचारीसन कर."

"धोके काय आहेत?" तिने विचारलं. "जन्मभर टिकतं का ते?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "टिकेलच असं नाही, पुढे बदलावं लागू शकतं. आत फुटलं तर कधी कळतही नाही, म्हणून तपासण्या कराव्या लागतात. भोवतीचा भाग कडक होऊन दुखू शकतो. तुमचं रेडिएशन झालंय, तुम्हाला तो धोका जास्त. क्वचित भोवती वेगळा कर्करोगही होतो."

प्रशीलचा चेहरा उतरला. वृषाली शाळेत मुलींना कबड्डी शिकवायची. उपचारांत सुटलेलं ते मैदान तिला ऑपरेशनांसाठी पुन्हा सोडायचं नव्हतं.

"मग मला नको," ती शांतपणे म्हणाली.

सोमवारी ती शिट्टी घेऊन मैदानात उतरली. टी-शर्टची एक बाजू सपाट दिसत होती. तिने वर ओढणी घेतली नाही.