काळ्या पट्टीखालचा पत्ता

लोकांच्या खासगी माहितीची राखण करणाऱ्या त्या सरकारी कार्यालयात तिला सगळे ‘पडदेवाल्या बाई’ म्हणत. नावं, पत्ते, आजार, फोन नंबर यांवर पडदा टाकणं हे तिचं काम, आणि त्यात ती कोणाच्या बापाचं ऐकत नसे. घरी नवऱ्यालाही ताकास तूर लागू देत नसे. “जेवलीस का विचारलं तरी आधी माझं ओळखपत्र मागेल,” असं तो पाहुण्यांना सांगायचा. ती वरवर चिडायची, पण मनातून तिला या गोष्टीचा अभिमान होता.

त्या दिवशी सकाळी एका कुरिअर कंपनीचं उत्तर आलं. तक्रार होती दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या एका बाईची. मारकुट्या नवऱ्याला सोडून ती मुलीसह या शहरात लपून राहत होती. नवरा त्या कुरिअर कंपनीत नोकरीला. कंपनीच्या संगणकावर तो तिच्या नावाची पार्सलं शोधत बसतो, हे तिला जुन्या मैत्रिणीकडून कळलं होतं. नियमाप्रमाणे तक्रारीची प्रत कंपनीला पाठवायची, पण तक्रारदाराचा पत्ता झाकून. पडदेवाल्या बाईंनी तो काळी पट्टी ओढून झाकला होता.

उत्तर मोठं सभ्य होतं. कर्मचाऱ्यानं पत्नीचं नाव वारंवार शोधलं हे खरं. पण तिच्या नावाचं एकही पार्सल नसल्यानं त्याला काहीच सापडलं नाही. तक्रारीत दिलेल्या पत्त्यावरही कधी काही पोचवलेलं नाही. आणि पुढे तो पत्ता होता. लाँड्रीची गल्ली, इमारत, मजला, सगळं. खाली लिहिलं होतं: प्रत माहितीसाठी, संबंधित कर्मचारी. म्हणजे तो नवराच.

तिनं आपणच पाठवलेली प्रत उघडली, काळ्या पट्टीवरचा मजकूर निवडला आणि कोऱ्या पानावर उतरवला. पत्ता जसाच्या तसा आला. एरवी ती कागद छापून, पट्टी मारून, तो पुन्हा स्कॅन करायची. त्या दिवशी स्कॅनर बिघडला होता आणि तिला घरी जायची घाई होती. संगणकावर ओढलेल्या पट्टीखाली अक्षरं शाबूत राहतात, हे तीच दर प्रशिक्षणात नवीन लोकांना घसा कोरडा करून शिकवत असे.

तिनं बाईला फोन लावला. अनोळखी नंबर ती उचलत नसे. मग तिनं पोलिसांना कळवलं आणि साहेबांच्या खोलीत गेली.

“आधी वकिलांचं मत घेऊ,” साहेब म्हणाले. त्यांचाही चेहरा उतरला होता. “त्यानं वाचलंय की नाही, हे तरी कळू दे. उगाच ती घाबरेल.”

“साहेब, दुसऱ्या कोणाकडून पत्ता फुटला असता तर आपण काय म्हटलं असतं?”

साहेबांनी कंपनीचं उत्तर पुन्हा पुढे ओढलं.

“उत्तर कालच्या तारखेचं आहे,” ती म्हणाली आणि पर्स काखोटीला मारून निघाली. टॅक्सी पकडून तिनं तक्रारीतला पत्ता सांगितला.

दार साखळीपुरतं उघडलं. फटीत एक लहान मुलगी होती.

“आई आहे का गं?”

“कोणाची आई?” मुलीनं विचारलं. कोणीतरी तिच्याकडून हे घोटून घेतलं होतं. त्या चिमुरडीपुढे पडदेवाल्या बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आतून बाई आली. ओळख पटल्यावर तिचा चेहरा उजळला. “या ना मॅडम. लागला का निकाल?”

पडदेवाल्या बाई बसल्या नाहीत. “तुमचा पत्ता कंपनीच्या उत्तरातून नवऱ्याच्या हातात गेलाय. चूक कंपनीची नाही. माझी आहे. मी नीट झाकला नाही.”

बाई हळूच म्हणाली, “म्हणजे तोवर त्याला आम्ही सापडलो नव्हतो?”

“नव्हतात.”

“मी तक्रार केली नसती, तर सापडलोच नसतो.”

“हो,” पडदेवाल्या बाई म्हणाल्या.

बाईनं आरडाओरडा केला नाही. तिनं पलंगाखालून बॅग ओढली. बॅग आधीच भरलेली होती, नुसते मुलीचे बूट आत टाकायचे होते. पडदेवाल्या बाईंना वाटलं, हिनं आपल्या तोंडात मारली असती तर बरं झालं असतं.

“सरकारी निवारा आहे,” त्या म्हणाल्या. “पोलीसही येताहेत. मी स्वतः सोबत येते.”

“तिथं नाव-पत्ता लिहून घेतील?”

“घ्यावा लागतो.”

“मग नको. बसस्थानकापर्यंत सोडा.”

टॅक्सीत बाई प्रत्येक सिग्नलला मागच्या काचेतून बघत होती. स्थानकात गाड्या ओळीनं लागल्या होत्या आणि माणसं आपापल्या गाडीकडे पळत होती. पडदेवाल्या बाईंनी बॅग उतरवून दिली.

“पोचल्यावर एवढं कळवा. कोणाला सांगणार नाही मी.”

“माहीत आहे मॅडम. तुम्ही नाही सांगणार.” बाईनं मुलीचा हात धरला. “पण नाही कळवणार.”

त्यांना ते पटलं. लागलंही फार. त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते पुसले नाहीत.

मुलगी चार पावलं जाऊन परत आली. “तुम्ही तिकडे तोंड करा,” ती म्हणाली.

पडदेवाल्या बाई भिंतीकडे वळल्या. मागे दारं आपटली, कंडक्टर ओरडले, एक गाडी सुटली, मग दुसरी, मग आणखी एक. त्यातल्या कुठल्या गाडीत त्या दोघी होत्या हे त्यांना कळलं नाही. कळू नये म्हणून त्या स्थानक रिकामं होईपर्यंत तशाच उभ्या राहिल्या.