दहावी वर भरते

ज्ञानमंदिराचं दार सर्वांसाठी सदैव उघडं असतं, असं पेणमधल्या त्या हायस्कुलात भिंतीवर निळ्या ऑइलपेंटने लिहिलेलं होतं, आणि ते खोटं नव्हतं. दार बंद केल्याचं कोणालाच आठवत नव्हतं. फक्त ते वाक्य जिन्याच्या वरच्या वळणावर होतं. त्यामुळे प्रतिक्षाने ते पहिल्यांदा वाचलं ते दहावीत गेल्यावर, आईच्या पाठीवरून.

लहानपणी तापात तिचे दोन्ही पाय गेले होते. तेव्हापासून तिची आई हौसा तिला पाठीवर घेऊन फिरे. हौसा कासूच्या खाडीकडची, मिठागरात मिठाच्या पाट्या वाहणारी. ओझ्याचं तिला नवल नव्हतं. पण मिठाची पाटी दरवर्षी जड होत नाही. पोर होते. नववीपर्यंत वर्ग तळमजल्यावर होते तोवर भागलं. दहावी मात्र वर भरे, कारण दहावीला शांतता लागते. दिवाळी झाली आणि हौसाची कंबर धरली. डॉक्टर म्हणाले, "आता हिला उचललंत, तर दोघी घरी बसाल."

दुसऱ्या दिवशी हौसा प्रतिक्षाला उचलून मुख्याध्यापक गुप्ते सरांपुढे उभी राहिली.

"सर, वर्ग खाली आना. आनखी काय नको."

गुप्ते सर सज्जन माणूस. कोणाला नाही म्हणताना त्यांना मनापासून वाईट वाटे, आणि त्यांचा बराचसा दिवस वाईट वाटण्यातच जाई.

"हौसाबाई, खाली मोठी खोली एकच. तिच्यात गणपती आहेत."

होतेच. पेणमध्ये रिकामी खोली कोणाला बघवत नाही. एका कारखानदाराने ती वर्षभरासाठी भाड्याने घेतली होती आणि पांढऱ्याफटक, बिनरंगाच्या मूर्ती भिंतीपासून भिंतीपर्यंत दाटीवाटीने बसल्या होत्या.

"मग त्ये वर न्या."

"अहो, मूर्ती जिन्यावरून कशी न्यायची? जरा धक्का लागला की हात मोडतो, पाय मोडतो. मग तिला कोण विचारणार?"

हौसाने पाठीवरच्या पोरीला थोडं वर सरकवलं. सरांना पुन्हा वाईट वाटलं, आणि त्यातून त्यांना एक कल्पना सुचली. डिसेंबरात रोह्याला अपंग दिनाची नाट्यस्पर्धा होती. जिल्ह्याचे शिक्षणातले मोठे साहेब बक्षिसं द्यायला येणार होते. दिल्लीत अपंगांचा कायदा होऊन दोन वर्षं झाली होती. साहेबांनी एक शब्द टाकला असता तर संस्थेने खोली मुकाट रिकामी केली असती.

"आपण नाटुकलं बसवू. प्रतिक्षा स्वतःच्या तोंडाने साहेबांना सांगेल. माझं बोलणं कोण ऐकतो?"

हे शेवटचं हौसालाही पटलं.

मग नाटुकल्याची तयारी म्हणून वैशालीबाईंनी वर्गाला अपंगत्व शिकवायला घेतलं. मुलं डोळ्यांना रुमाल बांधून खांबांवर आपटली. कानांत कापूस घालून बसली, तेव्हा बाईंनी काय शिकवलं ते कोणालाच कळलं नाही. एक पाय दोरीने बांधून चालायचा धडा सर्वांना आवडला, कारण त्याची पुढे मैदानात लंगडीच झाली. निकेश नावाचा मुलगा लंगडण्यात इतका तरबेज झाला की घरी त्याला मार बसला.

"बाई, मी पन बांधू पाय?" प्रतिक्षाने विचारलं.

"नको बाळ. तुझा धडा झालेला आहे."

धडे मुलांच्या अंगात भिनले. प्रतिक्षाला वर न्यायच्या पाळ्या लागल्या. एका पाळीत ती जिन्यात पडली. नेमका कोणाचा हात सुटला यावर मुलांचं इतकं जुंपलं की तिला उचलायला हौसाच आली.

रोह्याच्या सभागृहात खऱ्या अपंगांचा कार्यक्रम सकाळीच आटोपला होता. त्यांना केळी देऊन परत पाठवलं होतं. दुपारची नाटकं धडधाकट शाळांची, तसा नियमच होता, आणि तो गुप्ते सरांनी दारात वाचला. त्यांनी कपाळाचा घाम पुसला, शाळेचं नाव दिलं आणि आत गेले.

नाटुकलं रंगलं. निकेश असा लंगडला की मागच्या रांगेतल्या बायका हळहळल्या. शेवटी त्याने आणि आणखी एकाने प्रतिक्षाला आणून रंगमंचाच्या मध्यावर बसवलं. ती साहेबांकडे बघून म्हणाली, "साहेब, माझा वर्ग खाली आणा. मला शिकायचंय."

टाळ्या सुरू झाल्या. साहेब डोळ्यांना रुमाल लावतच रंगमंचावर चढले.

"पहिला नंबर! तो लंगडा मुलगा छान. पण ही मुलगी बघा. पाय कसे टाकलेत! अगदी जीव नसल्यासारखे. ऊठ बाळ, ये, ढाल घे."

"मला उठता नाय येत."

"बघा! अजून भूमिकेतच आहे!" साहेब म्हणाले. पुन्हा टाळ्या.

मागच्या रांगेत हौसा उभी राहिली. कंबरेवर हात होता आणि आवाज मिठागराच्या बांधावरून मारायचा.

"अवो सायेब, नाटक नाय करीत ती! माजी पोर हाय. तिला खरंच नाय चालता येत. वर्ग खाली आना तिचा!"

"वा! प्रेक्षकांतही पात्र बसवलंय!" साहेब थक्क झाले. "दिग्दर्शक कोण हो?"

गुप्ते सर उठले. त्यांनी आधी हौसाकडे पाहिलं, मग ढालीकडे. मग ते म्हणाले, "आमच्या वैशालीबाई."

रंगमंचावरून ढाल घेऊन ते खाली आले तर हौसा समोर.

"सांगितलंत का नाय?"

"हळू बोला, बाई. ती खरी आहे कळलं तर नंबर जाईल."

"जाऊ दे की!"

"पोरांनी इतकी मेहनत केली. मी सांगतो ना साहेबांना, योग्य वेळ बघून."

हौसा धावत बाहेर आली. तोवर साहेबांची जीप नदीच्या पुलावर पोचली होती.

रोहा स्टेशनात गाडी लागली. प्रतिक्षाला उचलायला हौसा वाकली आणि तशीच राहिली. मग हळूच फलाटावर टेकली. शेजारी निकेश ढाल छातीशी धरून उभा होता.

"आये, ऱ्हाऊ दे गो," प्रतिक्षा म्हणाली. "मी आता नाय जात शाळंत."

"गप बस. दहावी हाय तुजी."

"दहावी वरती हाय, आये."

हौसाने पोरीच्या पायांवरचा परकर सारखा केला. परत केला. गाडीची शिट्टी झाली तेव्हा गुप्ते सरांनी आणि निकेशने आधी प्रतिक्षाला डब्यात चढवलं, मग हौसाला. कासूला त्या दोघी उतरल्या कशा, हे पेणची मुलं गाण्याच्या भेंड्यांत रंगल्यामुळे कोणी पाहिलं नाही.

पुढच्या वर्षी शाळेने तेच नाटुकलं पुन्हा रोह्याला नेलं. प्रतिक्षाचं काम पूजा नावाच्या मुलीने केलं. दुसरा नंबर आला.