विहिरीची ओटी

टँकरच्या पाइपातून विहिरीत पाणी सुटलं आणि कठड्याभोवतीच्या बायांनी बादल्या सरसावल्या. सत्यभामाबाईंनी सुनेचा हात घट्ट धरला. संजीवनी सव्वा महिन्याची बाळंतीण. आज तिने विहीर पुजायची, ओटी भरायची, मगच पाण्याला हात लावायचा. आणि कोरड्या विहिरीची ओटी भरत नाहीत.

पूर्वी ही विहीर उन्हाळाभर पुरायची. आता पाऊस एका रात्रीत सगळा कोसळतो, माती घेऊन नाल्याने निघून जातो, आणि होळीआधीच तळ दिसतो. टँकर रिकामा झाला की बाया बघता बघता विहीर खरवडून काढतात. त्यात पूजा कोण करू देणार? शिवाय मागायचं कोणत्या तोंडाने? पाण्याच्या नंबरावरून सत्यभामाबाई जिच्याशी भांडल्या नाहीत अशी बाई गावात नव्हती. जनकाबाईंची तर त्यांनी घागरच चेपवली होती.

"बायाहो, माही सून..." आयुष्यात पहिल्यांदाच त्यांचा आवाज बारीक निघाला.

"थांबा वं साऱ्या!" ओरडल्या त्या जनकाबाईच. "बादल्या वर घ्या. लेकुरवाळी विहीर पुजून राह्यली, दिसत नाही का?"

"पाणी जिरून जाईन ना वं काकू!" मागून कुणीतरी कुरकुरलं.

"जिरू दे. माह्या सुनेनं मांगच्या साली पलास्टिकचा ड्रम पुजला. दार लावून रडली बिचारी. तसं कोणाच्याच सुनेले नोको."

बादल्या वर आल्या. संजीवनीने कठड्याला हळदकुंकू वाहिलं. गहू, खोबऱ्याची वाटी, खण पाण्यात सोडला. आनंदाच्या भरात सत्यभामाबाईंनी टँकरच्या पाइपालाही कुंकू लावलं, तशी ड्रायव्हर भागवतने घाईघाईने टोपी काढून हात जोडले. बाया खो खो हसल्या.

सत्यभामाबाईंना मात्र रडू फुटलं. जन्मभर ज्यांना शिव्या घातल्या, त्यांनीच आज लाज राखली होती.

"जनकाबाई, तुहे उपकार..."

"उपकार गिपकार राहू दे. नंबर लाव."

सत्यभामाबाई गेल्या त्या थेट रांगेच्या शेवटी. कुणी पुढे बोलावलं तरी हलल्या नाहीत. त्यांचा नंबर आला तेव्हा जेमतेम अर्धी बादली निघाली, तीही गढूळ.

"आई, इतकंच भेटलं?" घरी संजीवनीने विचारलं.

"लय भेटलं, बाई," त्या म्हणाल्या. मग बादलीवर पांढरं फडकं झाकून, गाळ खाली बसेपर्यंत बादलीजवळच बसून राहिल्या.